अन्न जाणणाऱ्याचे व्रत

भृगूला वडिलांनी चार वेळा परत पाठवले. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीतली ही गोष्ट. भृगू हा वरुणाचा मुलगा. तो वडिलांपाशी जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वरुण त्याला खूण सांगतो, उत्तर सांगत नाही. हे सगळे जीव ज्यातून जन्मतात, जन्मल्यावर ज्याच्या आधाराने जगतात आणि शेवटी ज्यात परत जातात ते तूच शोधून काढ, असा त्याच्या बोलण्याचा आशय. भृगू तप करतो आणि पहिले उत्तर घेऊन येतो: अन्न. वडील ते चूक ठरवत नाहीत आणि बरोबर म्हणून पाठही थोपटत नाहीत. आणखी तप कर, एवढेच म्हणतात. मग भृगूला प्राण सापडतो, मग मन, मग विज्ञान, आणि अखेर आनंद. आनंदापाशी पोचल्यावर तो विचारायला परत येत नाही.

मी ऐकलेली बहुतेक प्रवचने इथे थांबली. अन्नमय कोश सगळ्यात बाहेरचा, तो ओलांडून आत जायचे, आणखी आत जायचे, हा अर्थ वडिलांबरोबर कीर्तनाला जाताना लहानपणीच कानावर पडला होता. पुढे कृषी महाविद्यालयात वनस्पती-पैदासशास्त्र शिकवू लागल्यावर ती वल्ली मी स्वतः शेवटपर्यंत वाचली. आनंदानंतरही ती चालूच राहते. आनंद कळलेल्या माणसाला उपनिषद पुन्हा अन्नाकडे आणते आणि व्रते सांगते. अन्नाची निंदा करायची नाही. अन्न नाकारायचे नाही. अन्न पुष्कळ पिकवायचे. आणि वस्तीला आलेल्या कोणालाही दारातून परत पाठवायचे नाही; अन्न पुष्कळ हवे ते त्यासाठी.

आता ज्याला सगळे कळले त्याला व्रत कशाला? व्रत एरवी साधकाला असते. मन शुद्ध व्हावे, ज्ञानाची पात्रता यावी म्हणून तो ते पाळतो. इथे व्रत ज्ञानाच्या मागून येते, आणि तेही आनंदाविषयीचे नाही, ज्या पायरीला आपण सगळ्यात खालची समजत होतो त्या अन्नाविषयीचे. माझी समजूत अशी की अन्नाचे ज्ञान इतर ज्ञानांसारखे नाही. तारे कोणाचे काही न घेता बघता येतात. अन्न जाणायचे तर कोणाच्या तरी वावरात पाय ठेवावा लागतो, कोणाचे तरी बियाणे हातात घ्यावे लागते, कोणाच्या तरी चुलीवरची भाकरी खावी लागते. हे जाणणे घेतल्यावाचून होत नाही, आणि घेतले की ऋण झाले. म्हणून जाणून झाल्यावर माणूस मोकळा होत नाही, बांधला जातो.

हा ऋणाचा प्रश्न दरवर्षी वैशाखात माझ्यासमोर कागदांच्या रूपाने येतो. कृषी, गृहविज्ञान आणि समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींनी शाश्वत अन्नव्यवस्थेवर प्रत्यक्ष काम करावे म्हणून एक छोटा न्यास फेलोशिप देतो, आणि त्याच्या निवड समितीवर मी आहे. एक खरीप हंगाम गावात राहायचे, बांधावर आणि चुलीपाशी शिकायचे, हाताने काम करायचे, मग लिहायचे. आमच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात 'रावे' असतोच, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. त्यातली मुले 'कृषिदूत' आणि मुली 'कृषिकन्या' म्हणून गावात जातात, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके करतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. तो कार्यक्रम चांगला आहे, अनेक शहरी मुलांनी चिखलात पाय घातला तो त्याच्यामुळेच. पण त्यात विद्यार्थी मुख्यतः दाखवायला जातो. फेलोशिपमध्ये तो बघायला जातो. हा फरक कागदावर लहान दिसतो, गावात फार मोठा होतो.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, रतनगडाच्या बाजूला एका पाड्यावर आमची एक विद्यार्थिनी राहिली होती. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बियाण्याची निवड हा तिचा विषय. त्या भागात या विषयाला मान आहे. राहीबाई पोपेरे यांची देशी बियाण्यांची बँक याच तालुक्यातल्या कोंभाळण्याची. ही मुलगी ज्या घरी राहत होती तिथल्या आजी दरवर्षी स्वतःचे बियाणे स्वतः धरत. दिवाळीच्या सुमारास नागली कापणीला आली तेव्हा त्यांनी हिच्या हातात टोपली दिली आणि बियाण्यासाठी कणसे काढून आण म्हणाल्या. हिने वावरभर फिरून सगळ्यात मोठी, टपोरी कणसे आणली. आजींनी टोपली बाजूला ठेवली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, तू कणीस बघितलंस, जागा नाही बघितलीस. जा पुन्हा."

ती पुन्हा गेली, पुन्हा तसेच झाले. कारण आजी सांगेनात. शेवटी तिच्याच लक्षात आले की तिने आणलेली मोठी कणसे बहुतेक कडेची होती, बांधालगतची, किंवा जिथे उन्हाळ्यात शेणखताचा ढीग पडला होता त्या जागेवरची. कडेच्या रोपाला ऊन जास्त मिळते, शेजारी कमी असतात, मुळांना पसरायला जागा असते. ते मोठे होणारच. ते मोठेपण जमिनीने दिलेले, बियाण्यात नसलेले. आजींना हवी होती ती मधल्या दाटीतली कणसे. चारी बाजूंनी शेजारी असताना ज्याने आपला वाटा मिळवला, जे भाद्रपदाच्या पावसात लोळले नाही, ज्यावर करपा दिसला नाही, जे सगळ्यांच्या बरोबरीने पिकले, त्या रोपाचे कणीस.

वर्गात मी हे फळ्यावर शिकवते. 'बॉर्डर इफेक्ट' म्हणतो आम्ही त्याला. दिसणाऱ्या गुणातले परिस्थितीचे किती आणि अनुवंशाचे किती हे वेगळे काढणे, हा आमच्या शास्त्राचा गाभा आहे, त्यासाठी प्रयोगाची मांडणी आणि संख्याशास्त्राची प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. आजी तेच टोपलीने करतात. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते हे की त्यांनी उत्तर सांगितले नाही. सांगितले असते तर मुलीच्या वहीत एक ओळ गेली असती, डोळ्यांत काही गेले नसते. शंकराचार्यांनी भृगुवल्लीच्या भाष्यात तप म्हणजे मन आणि इंद्रिये एकाग्र करणे असा अर्थ घेतला आहे. हाताने केलेल्या संशोधनाला मी तप म्हणते ते याच अर्थाने. त्यात कष्ट आहेत म्हणून नव्हे, तर डोळे, बोटे आणि पाय एका गोष्टीवर इतका वेळ ठेवायचे की ती गोष्ट स्वतःहून बोलू लागते, म्हणून.

आणि इथे मला एक जास्त कठीण गोष्ट दिसली. उपनिषदातली व्रते ज्ञान झालेल्याला सांगितली आहेत. त्या पाड्यावर ती व्रते कोण पाळत होते?

ही फेलोशिप खरिपाची, म्हणून मुले आषाढात गावात पोचतात. आषाढ, श्रावण, भाद्रपद हे महिने डोंगरातल्या घरांचे सगळ्यात ओढीचे. मागच्या हंगामाचे धान्य कणगीच्या तळाला गेलेले असते, नवे दिवाळीशिवाय येत नाही, आणि याच दिवसांत भाताची लावणी, नागलीची लागण, बेणणी, म्हणजे वर्षातले सगळ्यात जड काम. रानातून टाकळा, कुरडू, भारंगी, चाई येते, त्यावर ताट भरते, पण भाकरी मोजून असते. नेमक्या त्या दिवसांत आमचे विद्यार्थी 'अन्नसुरक्षा' या विषयाची प्रश्नावली घेऊन त्या घरात मुक्कामाला जातात. आणि घर त्यांना आधी वाढते. पाहुणी पोरगी, शिकायला आलेली, तिला अर्धपोटी कशी ठेवायची? या विद्यार्थिनीने लिहिले होते की पहिले काही दिवस आपण किती भाकऱ्या खातो याकडे तिचे लक्षच नव्हते. मग एका रात्री घरातली सून स्वतःला कमी वाढून घेते आहे हे तिला दिसले. पुढच्या बाजाराला तिने फेलोशिपच्या पैशांतून तांदूळ आणि ज्वारी आणली आणि कोणाला काही न सांगता कणगीशेजारी ठेवली. आजी दोन दिवस बोलल्या नाहीत. मग त्यांनी ते धान्य दळायला काढले.

दारातून कोणाला परत पाठवू नये हे व्रत त्या घराने उपनिषदातून घेतलेले नाही. पण व्रत ज्ञानाच्या मागून येत असेल, तर जिथे व्रत दिसते तिथे ज्ञान आधीच पोचले आहे असे मला मानावे लागते. मग आमच्या मुली आणि मुले भृगू झाली आणि वरुणाच्या जागी आजी. फेलोशिपचा सगळा कागदी व्यवहार याच्या उलट गृहीत धरतो. तिथे जाणणारा म्हणजे विद्यार्थी, ज्याच्याकडून जाणून घ्यायचे तो 'माहितीदाता', आणि शेवटी नाव छापले जाते ते जाणणाऱ्याचे.

याचा सगळ्यात बोलका दाखला आपल्याच राज्यातला आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराच्या आसपास जमीन. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या भाताच्या वावरात त्यांना काही ओंब्या वेगळ्या दिसल्या, दाण्याचा रंग आणि बारीकपणा निराळा. हजारो ओंब्यांत चारदोन वेगळ्या दिसणे, हेच मूळ संशोधन. त्यांनी ते बी राखले, पुढच्या वर्षी शेतात वेगळी जागा करून, काटेरी फांद्या लावून लावले, आणि वर्षानुवर्षे निवड करत गेले. त्यातून जो बारीक, खायला चवदार तांदूळ निघाला त्याला घड्याळांमुळे घरोघरी पोचलेले 'एचएमटी' हे नाव पडले आणि तो पूर्व विदर्भाबाहेरही दूरवर पसरला. नंतर विदर्भातल्या अकोला इथल्या कृषी विद्यापीठाने त्याचे बियाणे नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित झाले. विद्यापीठाची बाजू शुद्धीकरणाच्या कामाची होती. आपल्या मूळ कामाचे श्रेय आपल्याला मिळाले नाही हे दादाजींचे म्हणणे अखेरपर्यंत राहिले. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. त्यांनी आणखीही वाण काढले. २०१८ मध्ये ते गेले, आणि शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली.

मी पैदासशास्त्र शिकवते, त्यामुळे शुद्धीकरणाचे काम काय असते हे मला माहीत आहे. ते खरे काम आहे, त्याला हंगाम लागतात, कौशल्य लागते. तरीही ते दुसरे काम आहे. पहिले काम वावरात उभे राहून बघणाऱ्याचे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला वाण राखणारा आणि वाण तयार करणारा म्हणून मान्यता दिली, स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला. कायदा चांगला आहे. पण कायदा श्रेयाची वाटणी सांगतो. ऋण फेडण्याची गोष्ट त्याहून जुनी आहे आणि ती कायद्याने होत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे चक्र सांगताना देवांनी दिलेले त्यांना परत न देता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. इतका कडक शब्द तिथे का आला हे मला दादाजींची हकिगत वाचल्यावर नीट कळले. चोराने बळजबरी केलेली नाही, त्याला ते दिलेलेच आहे. परत न देणे एवढाच त्याचा गुन्हा.

आमच्या एका विद्यार्थ्याने मला थेट विचारले होते, "मॅडम, ज्या ग्रंथांच्या जवळ नांगर धरणाऱ्यांना शतकानुशतके फिरकू दिले नाही, त्यांतली व्रते आता त्यांच्या अन्नाच्या अभ्यासाला कशाला लावायची?" तो शेतमजुराच्या घरातला मुलगा होता आणि त्याला हे विचारण्याचा पूर्ण हक्क होता. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या परंपरेने अन्न पिकवणाऱ्याला देवळाबाहेर उभे केले, हे खरे आहे, आणि त्याच्यावर पांघरूण घालून अध्यात्म बोलता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमके हेच हिशेबाच्या भाषेत मांडले होते: सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ जातो वरच्या वर्गाला. दुसऱ्या वर्षी पुरा झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या घरात काय शिजते इथपासून तालीबंधारे घालून पाणी शेतात कसे मुरवावे इथपर्यंत लिहिले. राहुरीचे कृषी विद्यापीठ त्यांचे नाव लावते. त्या नावाखाली शिकलेल्या प्रत्येकाने फेलोशिपचा पैसा कुठून आला हे स्वतःला विचारले पाहिजे. न्यासाचा असो, सरकारचा असो, मागे मागे गेले की तो कोणाच्या तरी पिकापाशीच पोचतो.

त्या मुलाला मी सांगितले ते असे. व्रत ज्याने उच्चारले त्याच्या मालकीचे नसते. ते पाळणाऱ्याचे असते. पठण करणाऱ्यांनी पाळले नाही आणि ज्यांना पठण नाकारले त्यांनी पाळले, तर ते व्रत आता त्यांचे, आणि आपण ते त्यांच्याकडून शिकायचे. त्याला हे पुरेसे वाटले की नाही मला ठाऊक नाही. पण त्याने त्या वर्षी चांगले काम केले.

त्याचा विषय होता राब. भाताचे रोप टाकण्याच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या, वर माती असे थर रचून उन्हाळ्यात भाजायचे, ही सह्याद्रीतली जुनी रीत. आमच्या बहुतेक अहवालांत तिच्यापुढे 'अशास्त्रीय' असा शब्द आपोआप येतो. त्याने ठरवले की मोजल्याशिवाय तो शब्द वापरायचा नाही. भाजलेल्या आणि न भाजलेल्या वाफ्यातले तण काढून त्याने वजन केले, रोपे किती दिवसांत लावणीला येतात ते बघितले, आणि बायकांचे बेणणीचे तास मोजले. भाजलेल्या वाफ्यात तण इतके कमी होते की लावणीच्या ऐन घाईत घरातल्या बाईचे दिवस वाचत होते. कोणत्याही अहवालात हे दिवस धरलेले नव्हते. त्याचबरोबर फांद्यांसाठी ऐनाची झाडे दरवर्षी किती ओरबाडली जातात हेही त्याने लिहिले, राख पावसात किती वाहून जाते तेही. अन्नाची निंदा करू नये याचा अर्थ गोडवे गावेत असा नाही. पिकवणाऱ्याने जे केले त्याला कारण असणार असे धरून बघायला सुरुवात करावी, एवढा आहे. हे व्रत म्हणूनही खरे आहे आणि संशोधनाची शिस्त म्हणूनही.

तिसऱ्या व्रताविषयी मला जरा जोरात बोलावेसे वाटते. अन्न पुष्कळ पिकवावे. शाश्वत शेतीच्या चर्चेत अलीकडे कमी पिकण्याचेही कौतुक ऐकू येते, आणि ते भरल्या पोटाच्या माणसांकडून ऐकू येते. माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो यांवर त्या घराने दिवस काढले, आणि मिलोचा वास तिच्या नाकातून आयुष्यभर गेला नाही. तिच्यासमोर उत्पादन वाढवण्याला कोणी नाक मुरडले असते तर तिने त्याला दारात उभे केले नसते. उपनिषद 'पुष्कळ' म्हणते तेव्हा मी तो शब्द आईच्या बाजूने वाचते.

पण पुष्कळ कशाच्या मापाने? हळवे भात घ्या. हलक्या जमिनीवर येणारे, शंभर दिवसांच्या आसपास पिकणारे. गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भातापुढे त्याचा उतारा कमी, म्हणून आमच्या तक्त्यात ते नेहमी खाली असते. ते का लावतात असे त्या पाड्यावर विचारले तर उत्तर मिळते की ते आधी येते. कणगी रिकामी असताना, गरवे भात अजून हिरवे असताना, हळव्याचे चार पायली तांदूळ घरात येतात आणि ओढीचे दिवस महिनाभर आधी संपतात. हेक्टरी क्विंटल या मापात महिना नाही. भुकेच्या महिन्यात आलेला एक शेर आणि पौषात आलेला एक शेर आमच्या हिशेबात सारखा. खाणाऱ्याला तो सारखा नाही. प्रत्यक्ष गावात राहिलेल्या विद्यार्थ्यालाच हे कळते, कारण त्या महिन्यात तो त्या ताटावर बसलेला असतो. फेलोशिपची सगळ्यात मोठी देणगी मी हीच मानते. पैसा विद्यार्थ्याला योग्य महिन्यात योग्य घरी नेऊन बसवतो. पुढे काय दिसते ते त्याच्यावर.

कोल्हापूरकडच्या श्रीपाद दाभोळकरांचे उदाहरण मी मुलांपुढे नेहमी ठेवते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारा हा माणूस 'प्रयोग परिवार' उभा करतो, आणि त्यात प्रत्येक शेतकरी स्वतःच्या शेतातला प्रयोगकर्ता असतो. एकाला सापडलेले दुसऱ्याला कळवायचे, दुसऱ्याने ते आपल्या मातीत ताडून बघायचे. तासगावच्या द्राक्ष बागाईतदारांनी त्या रीतीने किती शिकून घेतले हे त्या भागात आजही सांगतात. तिथे माहितीदाता कोणीच नव्हता. सगळे घेणारे आणि सगळे देणारे.

भृगुवल्लीच्या शेवटी ज्ञानी माणूस जगभर फिरत गातो. आपण अन्न आहोत असे तो तीनदा म्हणतो, आणि मग आपण अन्न खाणारे आहोत असे तीनदा. या क्रमाने मला फार विचार करायला लावला. खाणारा म्हणून आपली ओळख सगळ्यांनाच असते, तिला तप लागत नाही. आपण कोणाचे तरी अन्न आहोत, आपल्यावर कोणी तरी वाढावे, हे आधी म्हणता येणे अवघड. संशोधकाच्या बाबतीत मी ते असे घेते: त्याने जे जाणले ते इतरांना खाता आले पाहिजे. ज्या घरातून घेतले त्या घराला आधी. आणि अहवाल म्हणून नव्हे, कारण अहवाल कोणी खात नाही. त्यांच्या बोलीत, त्यांच्या अंगणात, त्यांना तपासता येईल अशा रूपात.

यंदा समितीत मी तीन बदल मांडले आहेत. विद्यार्थी ज्या घरी राहील त्या घरासाठी आषाढ ते भाद्रपद या काळाचे धान्य फेलोशिपच्या खर्चातच वेगळे धरायचे, आणि ते विद्यार्थ्याच्या आधी गावात पोचवायचे. अहवालात बियाणे, रीत किंवा युक्ती ज्याच्याकडून आली त्याचे नाव, त्याची संमती असेल तर, शीर्षकाखाली लिहायचे, आभाराच्या पानावर नव्हे. आणि अहवालाचे पहिले वाचन समितीपुढे करायचे नाही. ते गावात करायचे.

पहिल्या दोन बदलांना फारसा विरोध झाला नाही. तिसऱ्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "आणि गावाने अहवाल मान्य केला नाही तर? विद्यार्थ्याची पदवी थांबवायची?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि गाव नेहमीच बरोबर असते असे माझे म्हणणे नाही. गावात जात आहे, पुरुषांचा शब्द आहे, सरपंचाचे राजकारण आहे. बेणणी करणाऱ्या बाईचे तास मोजले म्हणून अहवालावर नाराज होणारे पुरुषही निघतील. अशा वेळी आक्षेप काय आहे तो शब्दशः नोंदवायचा, कोणी घेतला ते लिहायचे, स्त्रियांची वेगळी बैठक घ्यायची, आणि मुद्दा पिकाबद्दलचा असेल तर विद्यार्थ्याला आणखी एक हंगाम द्यायचा, फेलोशिपसह. पदवी थांबायचे कारण नाही. थांबेल तो अहवाल.

आणखी एका हंगामाचा पैसा न्यासाकडे आज नाही. निम्म्या विद्यार्थ्यांना तो लागू शकतो असे धरून मी मागणीचा मसुदा लिहिला आहे. धान्याची रक्कम काढताना अकोले तालुक्याच्या बाजारातले नागलीचे आणि तांदळाचे श्रावणातले भाव धरले आहेत, कारण सुगीतले भाव धरले तर पैसे पुरणार नाहीत.